मुलाच्या मापाची सहल

फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये मॅजिक किंगडम हे सर्वांत जुनं उद्यान. तिथल्या ‘स्पेस माउंटन’ या अंधारातल्या रोलर कोस्टरवर बसायला किमान 112 सेंटिमीटर उंची लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यांत पाच वर्षं पूर्ण झालेल्या मुलाची मध्यम उंची 110 सेंटिमीटर आहे, मुलीची त्याहून किंचित कमी. म्हणजे पाचवा वाढदिवस झालेली निम्म्याहून अधिक मुलं या दारावरून परत फिरणार. ‘सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन’ तुलनेने सौम्य, पण तिथेही 97 सेंटिमीटर लागतात आणि तीन वर्षांचं सर्वसाधारण मूल 95-96 भरतं. छोट्यांसाठी मुद्दाम बांधलेल्या ‘बार्नस्टॉर्मर’लाही 89 सेंटिमीटरची अट आहे. उद्यान मुलाला दारातच मोजतं, आणि माप इतकं उघड असतं की तिथे वाद घालायला जागा नसते. पण मुलाची इतर मापं दारात कोणी घेत नाही. ते किती वेळ रांगेत थांबू शकतं, दुपारी केव्हा पेंगतं, ऊन किती सोसतं, कशाला घाबरतं, हे घरच्यांनाच माहीत असतं. ही मापं आधी घ्यावीत आणि सहल त्यांना बेतून शिवावी, असं माझं म्हणणं आहे. ऐकायला ते सोपं वाटतं. प्रत्यक्षात त्यातून निघणारे निष्कर्ष बऱ्याच घरांना पटत नाहीत, कारण त्यांचा अर्थ होतो कमी बघणं, लवकर परतणं आणि काही वेळा जाणंच पुढे ढकलणं.

हा प्रश्न आता मराठी घरांना परका राहिलेला नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलाकडे किंवा लेकीकडे आजी-आजोबा उन्हाळ्यात जातात आणि नातवंडांसह ऑर्लँडोची, म्हणजे डिस्ने वर्ल्डची, सहल ठरते. युरोपच्या ग्रुप टूरमध्ये पॅरिसच्या डिस्नीलँडचा एक दिवस असतो. हाँगकाँग आणि टोकियोही आता आवाक्यात आले आहेत, आणि मुंबई-पुण्याच्या लोकांना 2013पासून खोपोलीजवळ इमॅजिका आहे. ठिकाण कुठलंही असो, खर्च भरपूर होतो आणि खर्च झाला की तो वसूल करण्याची घाई लागते. सकाळी दार उघडताना आत शिरायचं, रात्रीची आतषबाजी बघूनच बाहेर पडायचं, मधल्या वेळात यादीतल्या जास्तीत जास्त राइड्स उरकायच्या. दहा वर्षांच्या मुलाला हा बेत झेपतो, कदाचित आवडतोही. अडीच वर्षांच्या मुलाला तो झेपत नाही, आणि यात त्याच्या स्वभावाचा किंवा आईवडिलांनी लावलेल्या वळणाचा काही दोष नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी हालचाल आणि झोप यांबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून 11 ते 14 तास झोप हवी, तीन-चार वर्षांच्या मुलाला 10 ते 13 तास, आणि दोन्हींत दुपारची झोप धरलेली आहे. त्याच सूचनांमध्ये आणखी एक वाक्य आहे, ज्याकडे फारसं लक्ष जात नाही: या वयाच्या मुलाला एका वेळी एका तासापेक्षा जास्त वेळ बाबागाडीत किंवा खुर्चीत बांधून ठेवू नये. आता उद्यानातला दिवस डोळ्यांसमोर आणा. बाबागाडीतून उतरायचं ते रांगेत उभं राहण्यासाठी, रांगेतून सुटायचं ते राइडच्या पट्ट्यात अडकण्यासाठी, आणि तिथून पुन्हा बाबागाडीत. बागेत आलेल्या मुलाला पळायला म्हणून जागाच मिळत नाही. चाळीस मिनिटांच्या रांगेअखेरीस तीन मिनिटांचा पाळणा मिळणार, हा सौदा मोठ्या माणसाला कळतो, कारण त्याला ‘नंतर’ म्हणजे काय ते कळतं. दोन वर्षांच्या मुलासाठी ती चाळीस मिनिटं हाच सगळा प्रसंग असतो. त्याचं किरकिर करणं हा त्या प्रसंगावरचा अगदी योग्य अभिप्राय आहे. खुद्द डिस्नेलाही हे उमगलं होतं. 2012मध्ये मॅजिक किंगडममधला ‘डंबो’ या उडत्या हत्तीचा पाळणा नव्या जागी हलवला, तेव्हा त्याचे दोन पाळणे केले आणि रांगेच्या जागी सर्कशीच्या तंबूत मुलांना खेळायला सोय केली. मुलांनी तिथे हुंदडायचं आणि आपली पाळी आली की निघायचं. जगातला सर्वांत अनुभवी उद्यानमालक लहान मुलाला रांगेत उभं करणं टाळतो, तेव्हा आपणही ते टाळायला हरकत नसावी.

म्हणून माझा पहिला आग्रह अर्ध्या दिवसाचा आहे. लहान मुलं पहाटेच उठून बसतात, ही घरी कटकट वाटणारी गोष्ट इथे उपयोगी पडते, कारण उद्यान उघडल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांत रांगा सर्वांत छोट्या असतात. डिस्नेच्या हॉटेलांत उतरणाऱ्यांना ऑर्लँडोत अर्धा तास आधीही सोडतात. त्या वेळात ‘पीटर पॅन’, ‘डंबो’, ‘विनी द पू’ अशा उंचीची अट नसलेल्या तीन-चार राइड्स शांतपणे होतात. साडेअकरा-बाराला जेवण आणि मग मुक्कामी परत: पडदे ओढून, पलंगावर, खरीखुरी झोप. बाबागाडीत मान टाकून काढलेली वीस मिनिटांची डुलकी ही तिची भरपाई नव्हे. संध्याकाळी मूल ताजंतवानं असेल तर पुन्हा जावं, नसेल तर हॉटेलच्या आवारात खेळू द्यावं. याच कारणाने मुक्काम कुठे करायचा हा निर्णय कुठलं उद्यान बघायचं या निर्णयाइतकाच महत्त्वाचा आहे. मॅजिक किंगडमचं वाहनतळ दारापाशी नाही. गाडी लावून मोनोरेलने किंवा तळ्यातून फेरीबोटीने जावं लागतं. दूरच्या स्वस्त हॉटेलातून तिथे दिवसातून दोनदा येजा करणं जवळजवळ अशक्य होतं आणि दुपारची झोप बेतातून आपोआप गळते. पॅरिसच्या डिस्नीलँडच्या दारातच आरईआर रेल्वेचं स्थानक आहे, पण मध्य पॅरिसपासून तो साधारण चाळीस मिनिटांचा प्रवास आहे; मुक्काम शहरात ठेवला की दुपारी परतणं होत नाही. ग्रुप टूरची अडचण याहून मोठी आहे, कारण बस सकाळी सोडते आणि ठरल्या वेळीच न्यायला येते. ज्या घरात तीन वर्षांखालचं मूल आहे त्यांनी टूरवाल्यांना बाकी काही विचारण्याआधी हा एक प्रश्न विचारावा: दुपारी आम्हाला परत यायचं झालं तर काय सोय?

यावर पहिला आक्षेप येतो तो पैशांचा. एवढं महागडं तिकीट काढून अर्धाच दिवस? आक्षेप रास्त आहे, पण तिकिटांची रचना नीट पाहिली तर हिशोब वेगळा दिसतो. डिस्ने वर्ल्डमध्ये तीन वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही. पॅरिस आणि हाँगकाँगलाही तसंच, टोकियोत तर तीन वर्षांपर्यंतची मुलं मोफत आणि तिकीट चौथ्या वर्षापासून. भारतात वंडरलासारख्या उद्यानांत लहान मुलाचं तिकीट वयाऐवजी उंचीवर ठरतं. तिसरा वाढदिवस ओलांडला की मात्र ऑर्लँडोत मुलाचं तिकीट मोठ्यांच्या तिकिटापेक्षा थोडंसंच कमी असतं, आणि दहाव्या वर्षापासून ते पूर्णच. पण तिथल्या तिकिटांत पहिला दिवस सर्वांत महाग असतो आणि दिवस वाढवत गेलं की प्रत्येक दिवसाचा सरासरी दर उतरतो. म्हणजे ज्याला पूर्ण दिवस तीन हवेत त्याने अर्धे दिवस चार-पाच घेतले, तर तिकिटांचा वाढीव खर्च वाटतो तेवढा नसतो. वाढीव खर्च मुख्यतः मुक्कामाचा, आणि तो चार वेगवेगळ्या उद्यानांऐवजी दोनच बघून भरून काढता येतो. लहान मुलाच्या दृष्टीने ही काटछाट काहीच नाही. त्याला मॅजिक किंगडम दोनदा पाहायला मिळालं तर ते जास्त खूश होतं, कारण या वयात ओळखीची गोष्ट पुन्हा भेटण्याचा आनंद नव्या गोष्टीहून मोठा असतो. एकच गोष्ट रोज रात्री सांगायला लावणाऱ्या मुलाच्या आईवडिलांना हे वेगळं पटवून द्यायला नको.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे: मुलाला यातलं काही आठवणारच नाही, मग कशासाठी? योगायोगाने नेमका हाच प्रश्न डिस्ने वर्ल्डला जाऊन आलेल्या मुलांना घेऊनच तपासला गेला आहे. निना हॅमंड आणि रॉबिन फिवुश यांचा तो शोधनिबंध 1991मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 48 मुलं होती. सहलीच्या वेळी निम्मी 37 महिन्यांची, निम्मी 49 महिन्यांची. काहींशी सहलीनंतर सहा महिन्यांनी बोलणं झालं, काहींशी दीड वर्षाने. दोन्ही वयांच्या मुलांना सहलीतलं बरंच काही आणि बरोबर आठवत होतं. थोड्या मोठ्या मुलांच्या सांगण्यात तपशील जास्त होता आणि त्यांना प्रश्न कमी विचारावे लागले. मला त्यातला सर्वांत मोलाचा निष्कर्ष वाटतो तो असा, की ज्या घरांत त्या सहलीबद्दल जास्त बोलणं झालं होतं, त्या घरांतल्या मुलांना जास्त आठवत होतं. अर्थात ही आठवण आयुष्यभर टिकते असा दावा करता येणार नाही. पॅट्रिशिया बाउअर आणि मरिना लारकिना यांच्या 2014मधल्या अभ्यासात, तिसऱ्या वर्षी बोललेल्या प्रसंगांपैकी साठ टक्क्यांहून अधिक मुलांना पाच ते सात या वयात आठवत होते. आठव्या-नवव्या वर्षी हे प्रमाण चाळीसच्या खाली गेलं. म्हणजे दोन्ही बाजू थोड्याथोड्या बरोबर आहेत. तीन वर्षांच्या मुलाच्या मनात सहल काही वर्षं नक्की राहते, आणि मोठेपणी तिच्यातलं फारसं हाती लागत नाही.

पण यातून ‘मग नेऊच नका’ असा निष्कर्ष निघत नाही. मूल जे विसरणार आहे ते सगळं फुकट, असं मानलं तर त्याला मांडीवर घेऊन सांगितलेली प्रत्येक गोष्ट फुकट ठरेल. निष्कर्ष निघतो तो असा, की विसाव्या वर्षी काही आठवणार नसेल, तर सहलीचं मोल त्या त्या दिवशीच मिळायला हवं. आज रडवून उद्याच्या आठवणींची तजवीज करण्यात काही अर्थ नाही, कारण त्या आठवणी आपल्या फोनमध्ये राहतील, मुलाजवळ नाही. आणि जे टिकणार आहे ते बोलण्यातून टिकणार असेल, तर मुलाला बोलता येईल इतकंच त्याला दाखवावं. हत्ती उडाला, आपण बोटीत बसलो, बाहुल्या गात होत्या: चार गोष्टी मूल वर्षभर सांगत राहील. चौदा गोष्टींचा त्याच्या मनात गोंधळ होईल. ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ ही बाहुल्यांची संथ बोटफेरी मूळची 1964च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात युनिसेफसाठी केलेली. 1966मध्ये ती कॅलिफोर्नियाच्या डिस्नीलँडला आली. मोठ्यांना ती जुनाट वाटते आणि म्हणून यादीतून गळते. लहान मुलासाठी त्याहून चांगली जागा त्या आवारात क्वचितच असेल: उंचीची अट नाही, धक्का नाही, रंग आहेत, गाणं आहे आणि आईची मांडी आहे.

भीतीबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण इथे आईवडील सर्वांत जास्त चुकतात. उंचीची अट नाही म्हणजे राइड लहान मुलांसाठी आहे, असं समजलं जातं. ते खरं नाही. उंचीची अट सुरक्षेच्या पट्ट्यासाठी असते. अंधार, अचानक पुढे येणारी चेटकीण, कानठळ्या बसवणारा आवाज यांना ती लागू नसते. डिस्नीलँडच्या पहिल्या वर्षापासून, म्हणजे 1955पासून चालू असलेल्या हिमगौरीच्या राइडला 1983मध्ये नावातच ‘स्केअरी’ हा शब्द जोडला गेला, कारण परीकथा समजून आत गेलेली मुलं घाबरून बाहेर येत. 2021मध्ये तिचं रूप सौम्य करून नाव पुन्हा बदललं. मिकीचंही तसंच. पडद्यावरचा मिकी टीचभर असतो. समोर उभा राहतो तो माणसाहून मोठ्या डोक्याचा, न बोलणारा, पापणी न हलणारा मिकी. दोन-तीन वर्षांच्या मुलाने त्याला पाहून आईच्या खांद्यात तोंड खुपसणं अगदी स्वाभाविक आहे. अशा वेळी ‘अरे, तुझा लाडका मिकी ना, जा शेकहँड कर’ म्हणत त्याला पुढे ढकलणं आणि रडत्या चेहऱ्याचा फोटो काढून घेणं मला क्रूर वाटतं. लांबून हात हलवू द्यावा. मूल आपणहून जवळ गेलं तर उत्तम, नाही गेलं तरी काही बिघडत नाही. अंधाऱ्या राइडचा व्हिडिओ आदल्या दिवशी घरी मुलाबरोबर बघितला, तर पुढे काय येणार हे त्याला ठाऊक होतं आणि भीती बरीच उतरते. आतषबाजीच्या वेळी कानांवर घालायचे छोटे मफ न्यावेत, नाहीतर ती दूर हॉटेलच्या बाजूने बघावी.

शरीराच्या गरजांबद्दल थोडक्यात. लहान मुलाच्या वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचं क्षेत्रफळ जास्त असतं, म्हणून ते उन्हात लवकर तापतं. ऑर्लँडोत जुलै-ऑगस्टमध्ये पारा 33 अंशांच्या आसपास, हवा दमट आणि दुपारी गडगडाटी पाऊस. वीज चमकू लागली की उघड्यावरच्या राइड्स बंद होतात. दुपारी खोलीत असण्याचं हे आणखी एक कारण. सहा महिन्यांखालच्या बाळाला क्रीम चोपडून उन्हात नेण्यापेक्षा सावलीतच ठेवावं, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला असतो. ऑर्लँडोतल्या डिस्नेच्या उद्यानांत घरचं खाणं आत नेता येतं, बाळाच्या खाण्याच्या छोट्या बरण्या सोडल्या तर काचेची भांडी तेवढी चालत नाहीत. तेव्हा दशम्या, राजगिऱ्याचे लाडू, भाजलेल्या नाचणीचं पीठ बरोबर असेल तर मुलाचं पोट ओळखीच्या चवीवर राहतं. भारतातल्या बऱ्याच उद्यानांत बाहेरचं खाणं चालत नाही, पण बाळाच्या खाण्याला अनेकदा सूट असते. आधी फोन करून विचारून घ्यावं. मॅजिक किंगडममध्ये मेन स्ट्रीटच्या टोकाला बाळांसाठी वेगळं केंद्र आहे. तिथे अंगावर पाजायला निवांत खोली, लंगोट बदलायची सोय, उंच खुर्च्या आणि खाणं गरम करायला मायक्रोवेव्ह असतो. चुकलेली मुलंही तिथेच आणून बसवतात, म्हणून ही जागा घरातल्या प्रत्येकाला सकाळीच दाखवून ठेवावी.

मग आठ वर्षांच्या दादाचं काय, ज्याला रोलर कोस्टरच हवा? त्याने धाकट्यापायी दिवसभर हत्तीच्या पाळण्यात बसायचं का? मुळीच नाही. ‘रायडर स्विच’ नावाची सोय यासाठीच आहे: एक पालक मोठ्याला घेऊन जातो, दुसरा धाकट्याजवळ थांबतो, आणि पहिला परतला की दुसऱ्याला पुन्हा लांब रांग न लावता सोडतात. त्याच्यासोबत दादालाही बहुधा दुसरी फेरी मिळते, आणि धाकट्यापायी आपलं काही गेलं ही भावना राहत नाही. मराठी घरांत मात्र धाकट्याजवळ थांबणारं माणूस बहुतेक वेळा आजी किंवा आजोबा असतात. एक-दोन वेळा ते आनंदाने थांबतील. पण सातासमुद्रापार आलेल्या आजींचा सगळा दिवस बाबागाडीच्या दांड्याला धरून जाऊ नये, एवढी काळजी घेणं मुलांचं काम आहे. अर्ध्या दिवसाचा बेत त्यांच्या गुडघ्यांनाही मानवतो, ही गोष्ट कोणी मोठ्याने बोलत नाही.

काही ज्येष्ठांचं म्हणणं असतं की ही सगळी आजकालची नाजूक चोचले-पद्धत. आम्ही तान्ह्या पोरांना जत्रेत नेत होतोच की. होय, नेत होतात आणि मुलं रमत होती. पण जत्रेत मूल कडेवर पेंगलं तर देवळाच्या ओवरीत त्याला निजवता यायचं, कंटाळलं तर उठून घरी यायचं, आणि पाळण्याचं भाडं पाळण्यापुरतं असायचं. दिवसाचं तिकीट वसूल करायचं नसल्यामुळे मुलाच्या कलाने घेणं सहज जमायचं. थीम पार्कमध्ये ते सहज जमत नाही. ते ठरवून करावं लागतं. म्हणून हा सगळा खटाटोप.

शेवटी केव्हा आणि कुठे. पाच वर्षांखालच्या मुलांच्या घराला एक मोकळीक असते जी पुढे बारा वर्षं मिळत नाही: शाळेच्या सुट्ट्यांचं बंधन नसतं. मे महिना आणि दिवाळी सोडून जावं. ऑर्लँडोला जानेवारीअखेर, हाँगकाँगला नोव्हेंबर-डिसेंबरची हवा चांगली असते. अंतराचा विचार त्याहून गंभीरपणे करावा. मुंबई आणि ऑर्लँडो यांच्या वेळेत उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक आहे, हिवाळ्यात साडेदहा. हाँगकाँगशी अडीच तासांचाच. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण एखाद्या तासाने सरकतं, तेव्हा आठवड्याच्या सहलीत लहान मूल ऑर्लँडोच्या वेळेला जेमतेम रुळतं तोच परतायची वेळ होते. दोन वर्षांखालच्या मुलाचं विमानभाडं बहुतेक कंपन्यांत मोठ्यांच्या दहा टक्क्यांच्या आसपास आणि उद्यानात तिकीट नाही, म्हणून त्याच वयात घाई करणाऱ्यांना मी सांगेन: स्वस्त पडतंय ते मोठ्यांना. अमेरिकेतच राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी लांबलेला शनिवार-रविवार बघून अर्ध्या दिवसांचा बेत जरूर करावा. भारतातून निघणाऱ्यांनी तीन वर्षांखालच्या मुलासाठी ऑर्लँडो बाजूला ठेवावं. खोपोलीला एखाद्या मधल्या वारी जाऊन यावं, मूल रांगेत, उन्हात आणि गर्दीत कसं वागतं ते पाहावं, आणि मग हाँगकाँगचा विचार करावा. ऑर्लँडोसाठी पाच-साडेपाच हे वय चांगलं आहे. तोवर मूल रांगेचं कारण समजू शकतं, पाय दुखतात हे सांगू शकतं आणि माइन ट्रेनची 97 सेंटिमीटरची रेघ त्याने केव्हाच ओलांडलेली असते. तिकिटं काढण्याआधी घरच्या भिंतीशी उभं करून त्याची उंची मोजा, आणि जी राइड मिळणार नाही तिचं नाव त्याच्यापाशी काढू नका.